कानडी कागदावरची मराठी सही

या खेपेला कायद्याचा सल्ला मागणारी वाचकांची तीनच पत्रं घेतलीत. पहिलं पत्र मोठं, त्याचं उत्तर त्याहून मोठं, त्यामुळे जमिनीच्या वाटणीची आणि उताऱ्याची पत्रं पुढच्या अंकात. माणसांची आणि तुरुंगांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न: वकीलअक्का, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ जन्मठेपेत आहे, आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच्या बराकीची झडती झाली. त्याच्या अंथरुणामागच्या भिंतीत भोक आहे, त्यात मोबाईल सापडला म्हणे. त्या बराकीत चाळीसजण झोपतात. भावाला आठ दिवस वेगळ्या खोलीत घातलं, दोन महिने मुलाखत (घरच्यांची भेट) बंद केली आणि साठ दिवसांची माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापली. मी आईला घेऊन गेले तेव्हा हे गेटवर कळलं. तिथूनच परत फिरलो. त्याच बराकीतून सुटलेल्या एका गृहस्थांनी शिक्षेच्या कागदाचा झेरॉक्स आणून दिला, तो सोबत जोडलाय. सगळा कानडीत आहे. भाऊ महाराष्ट्रात चंदगडला मामाकडे राहून सातवी शिकला. कानडी मोडकंतोडकं बोलतो, पण वाचता येत नाही. आमच्या ओळखीचे वकील म्हणाले, जेलच्या आतल्या गोष्टीत कोर्ट पडत नाही. हे खरं काय? आणि तक्रार केली तर त्याला आत जास्त त्रास होईल, अशी आईला भीती वाटते. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा झेरॉक्स टेबलावर ठेवून मी दोनदा वाचला. अर्धं पान, छापील नमुना, मोकळ्या जागा पेनानं भरलेल्या. आरोप एका ओळीचा: झडतीत मोबाईल सापडला. त्याखाली ‘कैद्याचं म्हणणं’ लिहायला चार रेघा सोडल्यात. पहिल्या रेघेवर एकच शब्द आहे, ‘तप्पायितु’. म्हणजे ‘चूक झाली’. बाकी तीन रेघा कोऱ्या. तळाशी छापलंय ‘ओदी तिळिदुकोंडिद्देने’, म्हणजे ‘वाचून समजून घेतलं’, आणि त्याखाली तुमच्या भावाची सही. ती मात्र मराठीत, आधी शिरोरेघ ओढून मग अक्षरं लटकवलेली, शाळेत शिकवतात तशी. ‘तप्पायितु’ लिहिणारा हात सराईत आहे. तो हात आणि ही सही एका माणसाची नाही, हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ नको.

तुमचं निम्मं प्रकरण या अर्ध्या पानातच आहे. हा कागद जपा. दोन झेरॉक्स काढा, हाती आलेली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा, देवघरात नको, तिथं तेल सांडतं.

आता तुमच्या वकिलांचं म्हणणं. पूर्वीची कोर्टं तुरुंगाच्या दारात थांबायची, हे खरं आहे. पण ते दिवस जाऊन चाळीस वर्षांवर झाली. सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला एक कैदी दिल्लीच्या तिहारमध्ये होता. त्याच्या स्वतःच्या एकांतवासाबद्दल १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होताच. नंतर त्यानं न्यायालयाला आणखी एक पत्र लिहिलं, ते स्वतःसाठी नव्हे, प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्यासाठी. तुरुंगातल्या एका वॉर्डरनं, म्हणजे पहारेकऱ्यानं, पैशासाठी त्याचे हाल केले, असं त्या पत्रात होतं. ना वकील, ना स्टॅम्प, साधं पत्र. न्यायालयानं तेच पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि २० डिसेंबर १९७९ रोजी निकाल दिला. त्यातला एक आदेश तुमच्या भावासाठीच लिहिल्यासारखा आहे. शिक्षा म्हणून कैद्याला एकट्याच्या कोठडीत घालायचं, जड काम द्यायचं, खाण्यात बदल करायचा, सवलती काढून घ्यायच्या किंवा शिक्षेसारखी दुसऱ्या तुरुंगात बदली करायची, तर सत्र न्यायाधीशांनी ते आधी तपासलं पाहिजे. फारच तातडी असेल तर कारवाई झाल्यापासून दोन दिवसांत त्यांना कळवलं पाहिजे.

म्हणजे पहिला प्रश्न हाच, की तुमच्या भावाचा कागद सत्र न्यायाधीशांच्या टेबलावर गेला होता का? झेरॉक्सवर तसा शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. वेगळ्या फायलीत असेलही. म्हणून आधी विचारायचं, आरोप नंतर.

दुसरा प्रश्न, शिक्षा दिली कुणी? आपल्या देशातले तुरुंगाचे बहुतेक कायदे १८९४ च्या कायद्याच्या पोटातून आले. महाराष्ट्र वर्षानुवर्षं त्यावरच चालला, कर्नाटकानं १९६३ साली स्वतःचा केला. त्या जुन्या इंग्रजी कायद्यानंसुद्धा शिक्षा देण्याचा अधिकार एकट्या अधीक्षकाला दिला. त्याच्या हाताखालच्या कुणाला, जेलर असो की शिपाई, कसलीच शिक्षा देता येत नाही, असं त्यात साफ लिहिलंय. शिक्षेच्या नोंदवहीत काय काय लिहायचं हेही ठरलेलं आहे: गुन्हा कोणता, कुठल्या तारखेला, आधी कितीदा झाला, शिक्षा काय, आणि गुन्हा गंभीर असेल तर तो सिद्ध करणाऱ्या साक्षीदारांची नावं. तुमच्या कागदावर साक्षीदाराच्या जागी आडवी रेघ आहे. चाळीस माणसांची बराक, भिंतीतलं भोक, आणि साक्षीदार एकही नाही. मोबाईल कुणी बाहेर काढला? त्यात सिम होतं का? त्यावरून कुणाकुणाला फोन गेले? भावानं घरी कधी केला होता का? (मला कळवू नका, वकिलाला खरं सांगा. वकिलाशी खोटं बोलणाऱ्या पक्षकाराला मी पंचवीस वर्षांत एकदाही वाचवू शकले नाही.)

मोबाईलबद्दल पोलिसांत वेगळा गुन्हा नोंदवलाय का, हेही विचारून घ्या. तसं असेल तर तो खटला वेगळा चालेल, आणि एकाच गोष्टीला दोनदा शिक्षा नाही हा मुद्दा तिथल्या वकिलाच्या कानावर घालायचा.

आता करायचं काय ते सांगते. आधी भावाच्याच नावानं अर्ज. आदेशाची प्रत, नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रत, आणि सत्र न्यायाधीशांना कधी कळवलं ते मागा. माहिती अधिकारात तुम्ही बहीण म्हणून अर्ज टाकला तर ‘तिसऱ्या माणसाची खासगी माहिती’ म्हणून तो परत येण्याची भीती असते. भावाची सही असली की ती सबब उरत नाही. एरवी माहिती द्यायला तीस दिवसांची मुदत असते, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कायदा अठ्ठेचाळीस तास म्हणतो. ते वाक्य अर्जात लिहा.

सही घ्यायची कशी, मुलाखत तर बंद! ती बंदी तुमच्यासाठी, वकिलासाठी नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात जातात. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्याचं उत्पन्न कुणी विचारत नाही, १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमातच तसं आहे. कोर्टाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन लावा. जाताना झेरॉक्स न्या. नुसतं ‘भावावर अन्याय झाला’ म्हटलं तर कारकून मान हलवतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो. कागद दाखवला की खुर्ची देतो.

त्याच दिवशी सत्र न्यायाधीशांना एक पानाचं पत्र लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणं मांडणारा माणूस केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देऊ शकतो. मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. म्हणून माझं ऐकाल तर मराठी पत्राला कानडी भाषांतर टाचून द्या. गल्लीतली कॉलेजची कुठलीही पोर तासाभरात करून देईल. यावर काही वाचक मला रागावतील, रागावू देत. आपल्याकडे कानडी कागद दिसला की लगेच सीमाप्रश्न डोळ्यांपुढं उभा राहतो. माझ्याही राहतो, माझा मामा सीमालढ्यात सत्याग्रह करून आत गेला होता. पण तुमच्या पत्रात तो विषय आणू नका. आपला मुद्दा एवढाच की ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून ‘वाचून समजलं’ वर सही घेतली, म्हणजे त्याला आरोप कळवलाच नाही, आणि आरोप न कळवता शिक्षा दिली. हा मुद्दा कानडी न्यायाधीशालाही तितकाच पटतो. उद्या सांगलीच्या तुरुंगात कानडी माणसाकडून मराठी कागदावर अशीच सही घेतली, तर मी त्याच्यासाठीही हेच लिहीन.

इथं काही झालं नाही, तर घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालय. बंगळूर गाठायची गरज नाही. बेळगाव जिल्हा धारवाड खंडपीठाखाली येतो. २००८ साली तिथं फिरतं पीठ सुरू झालं, २०१३ पासून ते कायम झालं. खानापूरला रेल्वेत बसलात की लोंढ्यावरून धारवाड. पण प्रत्येक तारखेला आईला घेऊन जाऊ नका, तिची गरज पडत नाही. आणि भाड्याचे पैसे तिच्या गोळ्यांना लागतील.

उच्च न्यायालयाकडून काय मिळेल, याची आशा बेतानं धरा. मोबाईल तुमच्या भावाचा होता की नव्हता, हे तिथं ठरत नाही. न्यायाधीश बघतात ते असं: त्याला आरोप समजेल असा सांगितला का, बोलू दिलं का, काही पुरावा आहे का, अधिकार असलेल्यानंच शिक्षा दिली का, सत्र न्यायाधीशांनी तपासली का. यातलं एखादं चुकलेलं असेल तर शिक्षा रद्द होते, आणि बऱ्याचदा ‘पुन्हा नीट चौकशी करा’ म्हणून प्रकरण तुरुंगाकडेच परत जातं. पुन्हा चौकशीत तीच शिक्षा लागू शकते. मी हे आधीच सांगून ठेवते, कारण एकदा असं झालं तेव्हा चिकोडीकडची एक बाई माझ्याकडे रडत आली होती. तिच्या नवऱ्याच्या नावावर ‘अरेरावी केली’ अशी नोंद होती, त्यावरून त्याची फर्लो, म्हणजे घरी जायची रजा, अडली. आम्ही नोंदवही मागवली. त्याच दिवशी सहा कैद्यांच्या नावापुढं तेच वाक्य, तेच अक्षर, शाईसुद्धा तीच. नोंद रद्द झाली, फेरचौकशी लागली, आणि दुसऱ्या खेपेला साक्षीदार उभे राहिले. तिला वाटलं होतं नवरा त्याच आठवड्यात घरी येणार.

साठ दिवसांच्या माफीबद्दल तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी आहे. तुमचा भाऊ खुनाच्या कलमाखाली आत असेल तर खरी चौदा वर्षं भरल्याशिवाय सरकार त्याला सोडू शकत नाही, आणि त्या चौदा वर्षांत माफीचे दिवस धरत नाहीत. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ मध्ये होतं, आता नव्या संहितेत कलम ४७५. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे गोपाळ गोडसे खटल्यात १९६१ सालीच ठरलंय. चौदा वर्षं झाली की आपोआप दार उघडतं हा गावोगावचा गैरसमज. मग साठ दिवस गेले तर काय बिघडलं? दिवसांपेक्षा नोंद वाईट. सहा वर्षांनी सुटकेचा अर्ज समितीपुढं जाईल तेव्हा हिस्ट्री टिकट, म्हणजे कैद्याच्या नोंदींचा कागद, उघडलं जाईल, आणि त्यावर मोबाईलची नोंद असेल. तेव्हा सहा वर्षांपूर्वी बराकीत कोण कुठं झोपत होतं हे कुणाला आठवणार? म्हणून आत्ताच लढायचं. नुसते दिवस परत मागू नका, नोंद रद्द करून मागा. अर्जात हे दोन्ही वेगवेगळं लिहा. एकात दुसरं येतं असं समजून बरेचजण इथंच चुकतात.

आईच्या भीतीबद्दल. ‘काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही, कारण होतं. पण न्यायाधीशांकडे पत्र गेलेल्या कैद्याकडे सगळ्यांचं लक्ष राहतं, आणि लक्ष असलेल्या माणसावर हात टाकायला माणूस दोनदा विचार करतो. पत्रात कुणालाही शिव्या नकोत, पैशाचे आरोप पुराव्याशिवाय नकोत, शिपायांची नावं तर अजिबात नकोत; कोणता कागद, कोणती तारीख, एवढंच. घरी एक वही घाला. प्रत्येक मुलाखतीची तारीख, भाऊ कसा दिसला, अंगावर काही खूण होती का, काय बोलला, त्याच दिवशी लिहा. मुलाखत पुन्हा सुरू झाली की पहिल्या भेटीत त्याला हे विचारा: ‘तप्पायितु’ तू म्हणालास की तुझ्या वतीनं कुणी लिहिलं? तो ‘मी म्हणालो’ म्हणाला, तर का म्हणालास, घाबरून की खरंच? ते उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवा आणि वकिलाला दाखवा. इंग्रजीत भाषांतर वकील करतील.

प्रश्न: वकीलबाई, आम्ही निपाणीचे. मुलगा महाराष्ट्रातल्या एका तुरुंगात कच्चा कैदी आहे. त्याला संडास साफ करायला लावलं. ‘तुमच्या लोकांचं कामच ते’ असं म्हणाले. नाही म्हटल्यावर कँटीन बंद केलं. केस कुठं करायची, बेळगावला की कुठं?

उत्तर: भाऊ, घर कुठं आहे यावर ते ठरत नाही, तुरुंग कुठं आहे यावर ठरतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यातला तुरुंग असेल तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ कोल्हापुरात बसतं. निपाणीहून तासाभराची एसटी. आमच्या वकिलीच्या सुरुवातीला याच कामाला रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठावी लागायची.

आधी तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, वरच्या उत्तरातलं सगळं तुम्हालाही लागू आहे. तुमचं प्रकरण माझ्या मते त्या बहिणीच्या प्रकरणापेक्षा सोपं आहे. सक्तमजुरी ही शिक्षा झालेल्याला असते, कच्च्या कैद्याला कोर्टानं शिक्षाच सुनावलेली नाही. आणि जात बघून काम वाटणं ३ ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं संपलंय. सुकन्या शांता या पत्रकार बाईंची ती याचिका. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतली जातीवरून झाडलोट आणि स्वयंपाक वाटणारी कलमं न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. बेकायदा काम नाकारलं म्हणून दिलेली शिक्षा टिकायची कशी? मुलाला ते वाक्य कोण, कधी, कुणासमोर बोललं ते आठवून ठेवायला सांगा. त्या वेळी तिथं असलेला एक तरी माणूस साक्षीला लागेल.

प्रश्न: मॅडम, गेल्या अंकात आपण कैद्यांच्या रजेवर लिहिलंत. ज्यांनी दुसऱ्याचे संसार मोडले त्यांच्या हक्कांसाठी मासिकाची पानं कशाला? आमच्यासारख्या पेन्शनरांचे प्रश्न पडून आहेत. — एक निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर: गुरुजी, पेन्शनचं तुमचं पत्र मिळालंय, पुढच्या अंकात नक्की. तोवर एक गोष्ट सांगते, मराठीच्या शिक्षकाला ती आवडावी. प्रभाकर संझगिरी १९६० च्या दशकात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना कैदेत, होते. तिथं बसून त्यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. भौतिकशास्त्राचं, राजकारणाचा एक शब्द त्यात नव्हता. ते छापण्यासाठी त्यांना बायकोकडे पाठवायचं होतं. सरकार म्हणालं, नियमांत स्थानबद्धाला पुस्तक बाहेर पाठवायचा हक्क कुठं दिलाय? मुंबई उच्च न्यायालयानं परवानगी दिली तर सरकार दिल्लीला अपिलात गेलं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. नियमानं जेवढं काढून घेतलं तेवढंच गेलं, बाकीचं त्या माणसाकडे उरतं, असा त्या निकालाचा मथितार्थ.

संझगिरींनी कुणाचा संसार मोडला नव्हता, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण खानापूरच्या त्या पोराकडून ज्या कागदावर सही घेतली, त्यावर खुनी कोण आणि सत्याग्रही कोण याचा रकानाच नाही. माझ्या मामाच्या पुढ्यातही असाच कानडी कागद आला होता. त्यानं सही केली नाही, म्हणून त्याचं पोस्टकार्ड पंधरा दिवस बंद झालं. मामी सांगायची, त्या पंधरवड्यात ती रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी असायची.